सीतामाईच्या माहेरी जाताना

आम्ही पंचवटीतल्या बायका. सीतागुंफेच्या दारातली यात्रेकरूंची रांग आमच्या रोजच्या पाहण्यातली. मागे आमच्या बचत गटात विषय निघाला, की सीतामाई वनवासात जिथे राहिली ते आपण रोज बघतो, तिचं माहेर तरी एकदा बघू. ते माहेर म्हणजे जनकपूर, आणि जनकपूर आहे नेपाळात. म्हणजे परदेशच! आज त्या परदेशाचीच माहिती सांगतो.

आधी सोपी गोष्ट. भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० साली मैत्रीचा करार झाला. आपल्याला नेपाळात जायला व्हिसा लागत नाही. पासपोर्टही लागतोच असं नाही. पण ओळखपत्र लागतं, आणि घोटाळा होतो तो इथेच.

आमच्या गटातल्या एक मावशी, वय अठ्ठावन्न. वर्षभर पैसे साठवले आणि काठमांडूच्या पशुपतिनाथाला विमानाने निघाल्या. सोबत आधार कार्ड. "आधार तर सगळीकडे चालतं," असं सगळ्यांनीच सांगितलेलं. विमानतळावर कळलं, की त्यांच्या वयाला आधार चालत नाही. मतदान कार्ड घरी ट्रंकेत होतं. बाकीच्या पुढे गेल्या, मावशी मुलाला फोन करून परत आल्या. तिकिटाचे पैसे गेले ते वेगळेच.

म्हणून नियम नीट ऐका. पंधरा ते पासष्ट वयाच्या माणसाला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदान कार्ड लागतं. पासष्टच्या पुढच्या आजी-आजोबांना आणि पंधराच्या आतल्या मुलांना आधार, रेशन कार्ड असं वय आणि ओळख पटवणारं फोटोचं कागदपत्र चालतं. पंधरा ते अठरा वयाच्या मुलामुलींचं मतदान कार्ड नसतं, त्यांनी शाळेच्या मुख्याध्यापकांकडून ठरलेल्या नमुन्यात ओळखीचा दाखला घ्यायचा. सगळी कागदपत्रं मूळ असावीत. झेरॉक्स वेगळी ठेवावी, पण तिच्या भरवशावर निघू नये.

मावशी परत आल्यावर आम्ही सगळ्यांनी आपापली मतदान कार्डं काढून बघितली. दोघी-तिघींच्या कार्डावर माहेरचंच नाव आणि माहेरचंच गाव. एकीचं कार्ड कुठे आहे ते फक्त तिच्या मालकांना माहीत! बायांनो, हे नेपाळपुरतं नाही. आपलं मत आणि आपली ओळख त्या कार्डात आहे. नाव बदलायचं, पत्ता हलवायचा किंवा हरवलेलं कार्ड पुन्हा काढायचं, तर नमुना ८ भरायचा. नवीन नोंदणीसाठी नमुना ६. गावातल्या बीएलओंना विचारा किंवा १९५० या नंबरला फोन करा. आणि हे काम तिकीट काढायच्या दोन-तीन महिने आधी करा. तिकिटावर आणि कार्डावर नाव एकच असू द्या.

आता वाट सांगतो. नाशिकरोडहून पवन एक्सप्रेस थेट बिहारातल्या जयनगरला जाते. गाडीत दीड दिवस मोडतो, तेव्हा भाकरी-चटणी बांधून घ्या. जयनगर हे सीमेवरचं गाव. तिथून जनकपूर तीसेक किलोमीटर. एप्रिल २०२२ पासून जयनगरहून नेपाळची रेल्वे पुन्हा सुरू झाली आहे. तिच्या तिकिटालाही ओळखपत्र लागतं. जनकपूरचं जानकी मंदिर टीकमगडच्या राणीने बांधलं. बांधायला नऊ लाख लागले म्हणून लोक त्याला नौलखा म्हणतात. मार्गशीर्षात विवाहपंचमीला तिथे रामसीतेचं लग्न लागतं. तेव्हा फार गर्दी असते, राहायची सोय आधी बघा.

पैशांचं गणित पाठच करा. आपले १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६०. दुकानदाराने भाव सांगितला की आधी विचारायचं, "आयसी की एनसी?" आयसी म्हणजे भारतीय, एनसी म्हणजे नेपाळी. नेपाळी १६० च्या वस्तूला आपले १६० दिले, तर साठ रुपये गेलेच समजा. सोबत शंभराच्या आणि त्याहून लहान नोटा ठेवा. २०१८ च्या डिसेंबरात नेपाळने आपल्या दोनशे, पाचशेच्या नोटांवर बंदी घातली होती. या नियमात बदल होत असतात, पण शंभराच्या नोटेवर अडत नाही.

तिकडचं घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं असतं. परतीची गाडी गाठताना हे विसरू नका. आपलं सिमकार्ड तिकडे रोमिंगशिवाय चालत नाही, म्हणून घरचे नंबर वहीत लिहून घ्या. पशुपतिनाथाला जाणार असाल तर कातड्याचा पट्टा, पर्स आत नेता येत नाही, मुख्य मंदिरात फोटोही काढू देत नाहीत. काही अडलंच तर काठमांडूत भारताचा दूतावास आहे आणि बीरगंजला वाणिज्य दूतावास.

आमच्या मावशींनी ट्रंकेतलं कार्ड आता पिशवीत ठेवलंय. पुढच्या खेपेला त्या आमच्यासोबत जनकपूरला येणार आहेत. तुमचं कार्ड कुठे आहे? आज घरी गेल्यावर बघा, आणि त्यावरचं नाव मोठ्याने वाचा.