बनावट औषधे: पाकिटावरचा बॅच नंबर का जपून ठेवावा?

‘डॉक्टर, या गोळ्या डुप्लिकेट तर नाहीत ना?’ पूर्णगडच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न आता वरचेवर येतो. विचारणाऱ्याच्या हातात बहुधा कात्रीने कापलेल्या तीन-चार गोळ्या असतात. बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा दुकानातच राहिलेला असतो. अशा गोळ्या नुसत्या बघून खरे-खोटे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही.

बनावट, कमी दर्जाचे आणि जेनेरिक

या तीन गोष्टींची लोक फार गल्लत करतात. बनावट औषधात लेबलच खोटे असते. २०२४ मध्ये नागपूरच्या सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांत टाल्कम पावडर आणि स्टार्च असल्याचे पोलीस तपासात पुढे आले. कमी दर्जाचे औषध परवाना असलेली कंपनीच बनवते, पण ते तपासणीत नापास होते.

जेनेरिक यांपैकी काहीच नाही. ते कायदेशीर औषध आहे, फक्त कंपनीच्या प्रसिद्ध नावाशिवाय. २००८ च्या अखेरीस भारतातून ब्राझीलला निघालेली रक्तदाबाची जेनेरिक औषधे नेदरलँड्समध्ये पेटंटच्या वादात अडवली गेली, तेव्हा भारताने जोरदार हरकत घेतली होती. ‘नकली’ या शब्दाखाली पेटंटची भांडणे येऊ नयेत, म्हणून जागतिक आरोग्य संघटना २०१७ पासून ‘कमी दर्जाची आणि खोटी औषधे’ असे म्हणते. तेव्हा जनऔषधी दुकानातली गोळी स्वस्त आहे, एवढ्यावरून तिच्यावर संशय घेऊ नका.

एकच विष, पुन्हा पुन्हा

पातळ औषधांत ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल वापरतात. त्यांच्यासारखेच गोडसर, दाट आणि स्वस्त असते डायएथिलीन ग्लायकॉल. ते कारखान्यांत वापरायचे रसायन आहे. पोटात गेले तर मूत्रपिंडे निकामी होतात. डोळ्यांना किंवा जिभेला फरक कळत नाही, त्यामुळे कच्च्या मालाच्या प्रत्येक पिंपाची तपासणी करावी लागते.

१९३७ मध्ये अमेरिकेत या विषाने शंभराहून अधिक माणसे गेली. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीचे ग्लिसरॉल दिल्याने १४ रुग्ण दगावले. त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या गांबियात साठाहून अधिक मुलांचे मृत्यू भारतात बनलेल्या सिरपशी जोडले गेले. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची वीसहून अधिक मुले गेली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते.

देश एकमेकांना कसे कळवतात

अशा औषधांवर एकत्र काम करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी २०१२ मध्ये एक यंत्रणा उभारली. एखाद्या देशात संशयित औषध सापडले की माहिती संघटनेकडे जाते आणि गंभीर प्रकरणात जगभर इशारा निघतो. गांबियाकडे स्वतःची तपासणी प्रयोगशाळाही नव्हती. नमुने बाहेर तपासले गेले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये इशारा आला.

त्यानंतर भारताने जून २०२३ पासून निर्यातीच्या खोकल्याच्या सिरपला सरकारमान्य प्रयोगशाळेची तपासणी सक्तीची केली. ती सक्ती फक्त निर्यातीला होती. परदेशी मुलांसाठी लावलेली चाळणी आपल्याच मुलांसाठी नव्हती, हे मला आजही खटकते.

इशाऱ्यात औषधाचे नाव, उत्पादक आणि बॅच नंबर असतो. २०२५ मध्ये आपल्या अन्न व औषध प्रशासनाने ‘कोल्ड्रिफ’ची एसआर-१३ ही बॅच वापरू नका, असे कळवले होते. बाटलीवरचे लेबल फाटलेले असेल, तर जिनिव्हाहून आलेला इशारा असो की मुंबईहून, तुमच्या उपयोगाचा नाही.

घरी काय करायचे?

बिल मागाच, त्यावर बॅच नंबर छापलेला असतो. पट्टी कापून घ्यावी लागली तर आधी तिचा मोबाईलवर फोटो काढा. मुंबईहून मुलाने किंवा आखातातून कोणी औषध आणले, तर मूळ खोक्यासह आणायला सांगा. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० मोठ्या ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो मोबाईलवर स्कॅन करून दिसणारा बॅच नंबर पाकिटावरच्या नंबराशी जुळतो का, ते पाहा. कोडचीही नक्कल होऊ शकते, म्हणून बिल हवेच.

संशय आला तर उरलेले औषध फेकू नका. बिलासह ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाला १८००-२२२-३६५ या टोल फ्री क्रमांकावर कळवा. मात्र संशयापोटी रक्तदाब, मधुमेह किंवा फिटची गोळी परस्पर बंद करू नका. खरी धोक्याची गोष्ट ती आहे. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा, दुसरे औषध लिहून मिळेल.

लहान मुलांना सर्दी-खोकल्याचे सिरप स्वतःहून देऊ नका. सिरप दिल्यावर मुलाला उलट्या होऊ लागल्या, ते सुस्त पडले किंवा लघवी कमी झाली, तर सकाळची वाट न पाहता रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात न्या, आणि बाटली सोबत घ्या.