मार्क पाहायचे की परिस्थिती?



अंगणवाडी सेविकेची जागा निघाली, यादी लागली की गावात कुजबुज सुरू होते. “माझ्या सुनेला जास्त मार्क, तरी तिचं नाव वर कसं?” कुणी म्हणतं, “सवलतीत घुसली.” मग एकाच सतरंजीवर बसणाऱ्या दोघींचं बोलणं तुटतं, गटाची बैठकसुद्धा बिघडते. म्हणून हा विषय एकदा नीट समजून घेऊ.

यादी कशी लागते?

सेविकेसाठी किमान बारावी पास असावं लागतं आणि ती बाई त्याच गावची रहिवासी लागते. शिक्षणाचे गुण धरतात. त्यावर विधवा, अनाथ, मागास प्रवर्गातील आणि कामाचा अनुभव असलेल्या बाईला काही जादा गुण मिळतात. सगळ्याची बेरीज करून यादी लागते. म्हणजे शिक्षणाला किंमत आहेच. बारावी नसेल तर जादा गुण कामाला येत नाहीत. पण नवऱ्याच्या माघारी लेकरं सांभाळून बारावी झालेल्या बाईचे कष्टही मोजले जातात.

आपल्या गटात काय होतं?

बचत सगळ्यांची सारखी. पण कर्ज द्यायची वेळ आली की आपण काय विचारतो? जास्त नड कुणाला आहे? आजारपण, पेरणी, मुलांची फी बघून आपण नंबर ठरवतो. तेव्हा कुणी अन्याय झाला म्हणत नाही. मात्र हप्ता आणि व्याज सगळ्यांना सारखंच. गरज बघून संधी, पण परतफेडीत सूट नाही. आरक्षणाचंही बरंचसं तसंच आहे. मेडिकलच्या प्रवेशाला राखीव जागा असतात, पण डॉक्टर व्हायला पास होण्याची परीक्षा सगळ्यांना एकच.

आता दोन मुली डोळ्यांसमोर आणा. एक नाशिक शहरातली, घरात शिकलेले आईबाप, दोन क्लास लावलेले. दुसरी सुरगाण्याच्या पाड्यावरची. आईबाप द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे गेलेले, उन्हाळ्यात पाण्याचा हंडा डोक्यावर, धाकटी भावंडं कडेवर. पहिलीला 85 टक्के, दुसरीला 70. हुशार कोण, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येईल का?

हे काही आजचं नाही. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी हुकूम काढून संस्थानातल्या नोकऱ्यांत 50 टक्के जागा मागासलेल्या समाजांसाठी ठेवल्या. पुढे संविधानातही ही तरतूद आली.

दुसरी बाजूही खरी आहे

निफाडच्या शेतकऱ्याची बाग अवकाळीत गेली, डोक्यावर कर्ज आहे, आणि लेक खुल्या प्रवर्गात. तिचं दुःख खोटं नाही. म्हणूनच 2019 पासून आर्थिक दुर्बल घटकांसाठी 10 टक्के जागा आहेत. मराठा समाजासाठी 2024 मध्ये 10 टक्क्यांचा कायदा झाला, त्यावर कोर्टात वाद आहे. सवलत त्याच त्या सुस्थितीतल्या घरांत जाते, हीही तक्रार असते. त्यासाठी ओबीसी, भटके-विमुक्त यांना नॉन-क्रीमीलेअरची 8 लाखांची अट आहे.

एक मोठा गैरसमज

“खुल्या जागा म्हणजे खुल्या जातीच्या जागा” हे चूक आहे. त्या सगळ्यांच्या आहेत. मागास प्रवर्गातली मुलगी वयाची वगैरे सवलत न घेता गुणांवर वर आली तर तिला खुली जागा मिळू शकते. महिलांच्या खुल्या जागांनाही हेच लागू आहे, असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2020 मध्ये सांगितलं. राज्याच्या सरकारी भरतीत महिलांसाठी 30 टक्के जागा असतात, त्याही प्रत्येक प्रवर्गात. म्हणजे सवलतीचा फायदा आपल्या सगळ्यांच्याच लेकींना आहे.

लेकीसाठी आत्ताच काय करायचं?

- जातीचा दाखला दहावीच्या आधीच काढून ठेवा.
- जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत करा. प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ केली तर जागा हातची जाते.
- नॉन-क्रीमीलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला लागणार असेल तर त्याची मुदत तपासा.
- 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत आर्थिक दुर्बल, मराठा (एसईबीसी) आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कॉलेजात विचारा.
- यादीवर शंका असेल तर ठरलेल्या मुदतीत लेखी हरकत द्या. गुणांची बेरीज बघायला मागा. ओट्यावर बोलून काही बदलत नाही.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने सांगा: घरात दहावी-बारावीला कोण आहे आणि कोणता दाखला बाकी आहे. वहीत नोंद करा. आणि जिची निवड झाली, ती कोणत्याही प्रवर्गातली असो, तिला आधी पेढा भरवा. शेवटी आपल्या गावची लेकरं तिच्याच अंगणवाडीत शिकणार आहेत.