पाटावरून उठताना

गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला महालातल्या आमच्या जुन्या घरी पंगत बसली होती. सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, सगळं साग्रसंगीत झालं. हात धुवायला उठायची वेळ आली आणि लक्षात आलं, की आपल्याला उठताच येत नाही! दोन पुतण्यांनी बगलेत हात घालून उभं केलं. सगळे हसले, मीही हसलो. रात्री मात्र झोप लागली नाही.

पस्तीस वर्षं बँकेच्या खुर्चीत गेली. निवृत्तीनंतर कादंबऱ्या लिहायलाही खुर्चीच. मांड्यांना कामच उरलं नव्हतं. तसं घरात व्यायामाचं वावडं नव्हतं. वडील अमरावतीचे. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेल्या, आज हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या मातीत ते वाढले. पहाटे त्यांच्या बैठका चालत आणि मी पांघरुणातून त्या मोजत असे. मोजणं हेच पुढे माझं करिअर झालं!

त्यांची आठवण काढून मी बैठका सुरू केल्या. तिसऱ्या दिवशी गुडघा सुजला. मुलगी जिममध्ये जाते. ती म्हणाली, ‘‘बाबा, तुमची एन्ट्रीच चुकली आहे.’’

देशी बैठकीत टाचा उचलतात, भार चवड्यांवर येतो. अंगावर वजन नसतं. तो दमसासाचा व्यायाम. खांद्यावर लोखंडी दांडा घेऊन करायचा ‘स्क्वॉट’ ताकदीसाठी. त्यात टाच जमीन सोडत नाही. पाय खांद्याएवढे फाकवायचे, चवडे किंचित बाहेर वळवायचे. श्वास भरून पोट घट्ट करायचं आणि मग कंबर मागे नेत खाली बसायचं. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनंच जावेत, आत कोसळू नयेत. छाती वर, पाठ ताठ. उठताना श्वास सोडायचा.

‘‘गुडघा बोटांच्या पुढे गेला तर?’’ मी विचारलं. ही भीती जुनी आहे. १९६१ साली टेक्सासच्या कार्ल क्लाइन यांनी खोल बैठकीनं गुडघ्याचे बंध सैल होतात असं मांडलं आणि जगभर अर्ध्या बैठकीचा प्रघात पडला. पुढच्या अभ्यासांत ते टिकलं नाही. गुडघा पुढे जाऊच द्यायचा नाही म्हटलं, की धड जास्त वाकतं आणि भार कंबरेवर जातो. निरोगी गुडघ्याला खोल बसणं सोसतं. वजन मात्र हळूहळू वाढवावं लागतं. दुखरा गुडघा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

सूज उतरल्यावर डॉक्टरांच्या होकारानं मी खुर्चीपासूनच सुरुवात केली. हात न टेकता बसायचं, हात न टेकता उठायचं. दहा वेळा, एक दिवसाआड. मग खुर्चीऐवजी बुटका स्टूल आला. दोन महिन्यांनी मुलीनं हातात पाच किलोचं पोतं दिलं आणि समोर उभी राहिली. ‘‘घाबरू नका बाबा, टाच टेकवा.’’ लहानपणी तिला चालायला शिकवताना मी असाच समोर उभा राहत असे.

यंदा महालक्ष्म्यांना पुन्हा पंगत बसली. जेवण झाल्यावर पुतणे सवयीनं पुढे आले. मी एक हात जमिनीला टेकला आणि उठलो. एक हात लागलाच, हे कबूल करतो. ती बाकी पुढच्या वर्षी फेडायची आहे.