आवारातील मांजरे

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी सकाळी शाळेचे फाटक उघडावयास गेलेल्या शिपायास तेथे द्राक्षांचे एक रिकामे खोके आढळले. खोक्याचे तोंड सुतळीने बांधलेले होते व त्याच्या बाजूंस चार भोके पाडलेली होती. आत मांजराची चार पिले होती. त्यांपैकी एक रात्रीच्या पावसाने गारठून मेले होते. भोके पाडणाऱ्याच्या मनात दया होती, यात आम्हांस संशय नाही. पिलांचा श्वास कोंडू नये एवढी काळजी त्याने घेतली होती. पुढचा सर्व विचार मात्र त्याने आमच्यावर सोपविला होता.

त्याच दिवशी आठवीतील एका मुलाने आम्हांस विचारले, "सर, लोक मांजरे शाळेतच का आणून सोडतात?" प्रश्न साधा होता, परंतु त्याचे नीट उत्तर आम्हांस त्या वेळी देता आले नाही. ते येथे देण्याचा प्रयत्न करीत आहोत. विद्यार्थ्यांप्रमाणेच त्यांच्या आईवडिलांनीही ते वाचावे, अशी आमची इच्छा आहे. कारण खोके बांधणारे हात बहुधा मोठ्यांचेच असतात.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, ही गोष्ट केवळ आमच्या शाळेची नाही. जेथे पुष्कळ माणसे जेवतात, जेथे अडगळीच्या खोल्या व झाडी असतात, आणि जेथील जागा कोणा एकाची नसते, तेथे मांजरे असावयाचीच. विद्यापीठांच्या आवारात हे तिन्ही योग एकत्र येतात. पुण्यास विद्यापीठात शिकणारा आमचा एक माजी विद्यार्थी दिवाळीत भेटावयास आला होता. भोजनगृहाच्या मागे संध्याकाळी जमणाऱ्या मांजरांविषयी तो सांगत होता. काही मुले त्यांस आपल्या ताटातील घास देतात, काही दगड मारतात. आणि परीक्षा संपून वसतिगृह रिकामे झाले म्हणजे घासही थांबतो व दगडही थांबतो. सुटीत मांजरांचे काय होते, हे पाहावयास कोणी नसते.

पुण्याच्या या विद्यापीठाशी मांजरांचे जे एक जुने नाते आहे, ते मनोरंजक आहे. सर रॉबर्ट ग्रँट हे १८३५ पासून मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व ग्रँट रोड यांस त्यांचेच नाव आहे. उपासनेत गाइली जाणारी काही इंग्रजी गीतेही त्यांनी रचिली आहेत. ते १८३८ च्या जुलैत पुण्याजवळ दापोडी येथे वारले. जनरल सर टॉमस एडवर्ड गॉर्डन यांनी १९०६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत अशी हकीगत दिली आहे की, गव्हर्नरसाहेब वारले त्या संध्याकाळी पहारेकऱ्यांनी एक मांजर बंगल्याच्या पुढील दारातून बाहेर पडून, साहेब ज्या वाटेवर फेऱ्या घालीत त्याच वाटेवर फेऱ्या घालताना पाहिले. साहेबांचा आत्मा मांजरात गेला, अशी त्यांची समजूत झाली. परंतु नेमके कोणते मांजर हे कोणास सांगता येईना. तेव्हा अंधार पडल्यावर पुढील दारातून जे कोणतेही मांजर बाहेर पडेल त्यास गव्हर्नर मानून सलामी द्यावयाची, असा तोंडी हुकूम एका पहाऱ्याकडून दुसऱ्या पहाऱ्याकडे जात राहिला; आणि तो पंचवीस वर्षे पाळला गेला! पुढे १८६४ साली गणेशखिंडीत गव्हर्नरांच्या नव्या निवासस्थानाचे बांधकाम सुरू झाले, आणि १९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठास तीच वास्तू मिळाली. २०१४ पासून त्या विद्यापीठास सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. सलामी देणारे पहारेकरी गेले; मांजरे मात्र विद्येच्या आवारात अजून आहेत.

मांजर माणसाच्या आश्रयास आले कसे? आफ्रिका व पश्चिम आशिया येथील रानमांजर हे आपल्या पाळीव मांजराचे मूळ होय. माणूस शेती करून धान्य साठवू लागला. धान्यामागून उंदीर आले आणि उंदरांमागून मांजर आले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले, हे २००४ साली संशोधकांनी प्रसिद्ध केले. त्या बेटावर मुळात मांजरे नव्हती. तेव्हा माणसांनीच ती होडीतून नेली असली पाहिजेत. यावरून असे दिसते की, मांजरास आपण बैलाप्रमाणे जुंपले नाही, किंवा कुत्र्याप्रमाणे शिकविलेही नाही. आपल्या कोठाराशी त्याने आपण होऊन मैत्री केली. म्हणूनच ते अर्धे घरचे व अर्धे रानचे राहिले. आणि म्हणूनच "त्यास सोडले तरी ते आपले पोट भरील" असे मानण्याची चूक आपल्या हातून सहज घडते.

ही चूक किती मोठी आहे ते पाहू. मांजरी सुमारे नऊ आठवडे गाभण असते व एका वेतात बहुधा तीन ते पाच पिले देते. ती स्वतः पाच-सहा महिन्यांची होताच गाभण राहू शकते, आणि वर्षात दोन-तीन वेळा विते. एवढ्यावरून मांजरांनी गाव भरून गेले पाहिजे. परंतु तसे होत नाही. का होत नाही, याचे उत्तर दुःखदायक आहे. अमेरिकेतील एका पाहणीत बाहेर राहणाऱ्या मांजरांच्या १६९ पिलांवर लक्ष ठेविले होते. त्यांपैकी १२७ सहा महिन्यांच्या आतच मेली किंवा नाहीशी झाली. सोडलेले पिलू "आपले पोट भरील" हे चारांतील एकाविषयी कदाचित खरे ठरेल.

मांजरी आपली पिले सात घरे हिंडविते, असे आपल्याकडे म्हणतात. त्यात तथ्य आहे. एका जागी घाण व पिसवा वाढल्या, किंवा माणसांची ये-जा वाढली, म्हणजे ती पिलांस मानगुटीस धरून दुसरीकडे नेते. परंतु ती नेते ते आपल्या पाठीमागे ठेवण्यास, आणि आपण नेतो ते आपल्या दृष्टीआड करण्यास. मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीस द्यावे लागते, असे गावातील जुनी माणसे सांगत असतात. या समजुतीने पुष्कळ मांजरांचे प्राण वाचले असतील. परंतु मारावयाचे नाही व ठेवावयाचेही नाही, अशा पेचातून आपण एक तिसरी वाट काढली. ती म्हणजे दुसऱ्याच्या दारी सोडणे. हात रक्ताने भरत नाहीत. जे होते ते आपल्यामागे होते. आठव्या इयत्तेतील मुलाच्या प्रश्नाचे खरे उत्तर हेच आहे. शाळेत पोरे आहेत, ती दयाळू आहेत, ती पाहतील, असे म्हणून माणूस मोकळ्या मनाने घरी जातो.

हे लिहिताना आम्ही स्वतःस वगळीत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका वसतिगृहाची व्यवस्था पाहत होतो. तेथील स्वयंपाकघराभोवती मांजरे फार झाली, म्हणून आम्ही चार मांजरे पोत्यात घालवून कादवा नदीच्या पलीकडे सोडविली. त्यांतील एक मांजरी ओली होती, तिची पिले सरपणाच्या ढिगाखाली होती, हे आम्हांस ठाऊक नव्हते. दोन दिवस मुले आवाज ऐकत होती व पिले शोधीत होती. तिसऱ्या दिवशी आवाज थांबला. पुढे कोठीतील गहू उंदरांनी फोडला. आणि दोन महिन्यांच्या आत दुसरी तीन मांजरे येऊन राहिली, त्यांपैकी एक गाभण होती. म्हणजे निर्दयपणा झाला तो झालाच, शिवाय कामही झाले नाही.

असे का व्हावे? मांजरे ज्या कारणाने येतात ते कारण, म्हणजे अन्न व आडोसा, आपण जागच्या जागी ठेवितो व केवळ मांजरे काढितो. मोकळी झालेली जागा शेजारची मांजरे भरून काढितात, आणि पुन्हा वेते सुरू होतात. म्हणून हल्ली शहाणे लोक दुसरी रीत अवलंबितात. मांजरास पिंजऱ्यात अन्न ठेवून पकडावयाचे, पशुवैद्याकडून त्याची शस्त्रक्रिया करवून त्यास पुन्हा पिले होणार नाहीत असे करावयाचे, रेबीजची लस टोचावयाची, आणि ओळख राहावी म्हणून एका कानाचे टोक किंचित कापून त्यास त्याच्या जागी परत सोडावयाचे. कानाचे टोक मांजर गुंगीत असतानाच कापतात, त्यामुळे त्या वेळी त्यास वेदना होत नाहीत. उलट त्या खुणेमुळे त्यास पुन्हा कोणी पकडीत नाही.

या रीतीचा अनुभव एका विद्यापीठानेच घेतला आहे. अमेरिकेतील सेंट्रल फ्लॉरिडा विद्यापीठाच्या आवारात १९९१ पासून ११ वर्षे हे काम चालले. या काळात एकंदर १५५ मांजरांची नोंद झाली. १९९६ साली आवारात ६८ मांजरे होती, ती २००२ साली २३ उरली. आणि १९९५ नंतर तेथे एकही नवे पिलू जन्मास आलेले आढळले नाही. परंतु या आकड्यांतील मर्म विद्यार्थ्यांनी ओळखावे. १५५ पैकी निम्म्याच्या जवळपास मांजरांस लोकांनी आपल्या घरी नेले. शस्त्रक्रियेने नवी पिले थांबली, हे खरे. पण संख्या कमी होण्यास घरांची दारेही उघडावी लागली.

घर देण्याच्या बाबतीत वयाचा विचार महत्त्वाचा आहे. पिलू दोन ते सात आठवड्यांचे असताना माणसाच्या हातास लागले, तर ते माणसाळते. तो काळ रानात गेला, तर ते पुढे माणसापासून दूरच राहते. आवारातील काही मांजरे पायाशी घोटाळतात व काही आपणांस पाहताच पळतात, याचे कारण पुष्कळदा हेच असते. पहिली बहुधा कोणी तरी सोडलेली, व दुसरी तेथेच जन्मलेली. पळणाऱ्या मांजरास बळेच कुरवाळू नये; त्यास घर नको असते, त्रास नको असतो.

आता घरी व शाळेत पाळावयाच्या काही गोष्टी सांगतो. मोठ्या मांजरास गाईचे दूध पुष्कळदा पचत नाही. त्यास स्वच्छ पाणी व थोडे मांस, मासळी वा उकडलेले अंडे अधिक मानवते. अन्न ठरावीक जागी व ठरावीक वेळी द्यावे, आणि उरलेले उचलावे. वर्गाच्या पायरीवर टाकलेला डबा मांजरांपेक्षा उंदरांस अधिक बोलावितो. मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले, तर ती गोष्ट शिक्षेच्या भीतीने लपवू नये. जखम लगेच साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. कारण रेबीज मांजरापासूनही होऊ शकतो, आणि त्याची लक्षणे दिसू लागल्यावर बहुधा उपाय चालत नाही. मांजराची विष्ठा उघड्या हाताने काढू नये. गर्भवती स्त्रियांनी तर ते काम दुसऱ्यावर सोपवावे. आणि हेही सर्वांनी जाणावे की, प्राण्यास उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे.

आमच्या दिंडोरी तालुक्यातील मुलांस आणखी एक सूचना अवश्य केली पाहिजे. ऊसतोडीच्या वेळी शेतात सापडणारे प्रत्येक पिलू घरच्या मांजराचे असेलच असे नाही. नाशिक व जुन्नर या भागांत उसात बिबट्याची पिले सापडतात, तशी वाघाटीचीही सापडतात. वाघाटी ही जगातील अत्यंत लहान रानमांजरांपैकी एक असून तिचे पिलू सहज मांजराचे वाटते. असे पिलू उचलून शाळेत आणू नये. त्याची आई जवळपास असते व रात्री त्यास न्यावयास येते. तोड थांबवून वनखात्यास कळवावे. येथे दया म्हणजे हात न लावणे. फाटकाशी सोडलेल्या पिलाच्या बाबतीत दया म्हणजे हात लावणे व मग तो मध्येच न काढणे. दोहोंतील फरक ओळखण्यासाठीच ज्ञान पाहिजे.

खोक्यातील तीन पिलांचे काय झाले, हे वाचकांस जाणून घ्यावेसे वाटेल. एक पिलू आमच्या येथील एका विद्यार्थिनीच्या घरी आहे. एक आजारी पडून मेले. मुलांनी त्यास आवारातील चिंचेखाली पुरले. तिसरे ग्रंथालयाच्या ओसरीत राहते. ते मोठे झाल्यावर मुलांनी वर्गणी काढून त्यास नाशिकास पशुवैद्यांकडे नेले. आता त्याच्या डाव्या कानाचे टोक नाही. सुटीत त्यास कोणी खावयास घालावे, याची पाळी लिहिलेला कागद ग्रंथालयाच्या दारावर लावलेला आहे, आणि त्यावर आमचेही नाव आहे.

पुण्याच्या त्या पहारेकऱ्यांस आपण हसतो. परंतु त्यांच्या अंगची एक गोष्ट घेण्यासारखी होती. पहारा बदलताना जाणारा पहारेकरी येणाऱ्यास मांजराविषयी सांगितल्यावाचून जात नसे. यंदा शाळा सोडून जाणाऱ्या मुलांनी पुढील वर्गास तेवढे सांगून जावे.