किल्ल्या देण्याआधी एसी तपासा

हैदराबादच्या हायटेक सिटी परिसरात मध्ये अंगण असलेली एक बसकी, गोलाकार इमारत आहे. सीआयआय–सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर हे तिचं नाव. वडोदऱ्याचे वास्तुविशारद करण ग्रोव्हर यांनी तिचा आराखडा केला आणि १४ जुलै २००४ रोजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी तिचं उद्घाटन केलं. ‘लीड’ या हरित इमारतींच्या मानांकनातला प्लॅटिनम दर्जा मिळवणारी अमेरिकेबाहेरची ही पहिली इमारत. पाहुणे येतात ते तिथल्या जाळ्या, छतावरची हिरवळ आणि वारा खाली आणणारे मनोरे बघायला. त्याच मानांकनाची एक अट मात्र फोटोत येत नाही. यंत्रणांचं कमिशनिंग झालेलं असलंच पाहिजे, अशी ती अट. तिला एकही गुण नव्हता, पण ती पाळल्याशिवाय बाकीचे गुण मोजलेच जात नसत.

कमिशनिंग म्हणजे बटण दाबून एसी सुरू करून दाखवणं नव्हे. आराखडा कागदावर असल्यापासून एक त्रयस्थ अभियंता कामात असतो. मालकाला इमारत कशी चालायला हवी आहे, हे तो लिहून घेतो. मग पाणी थंड करणारा चिलर, पंप, कूलिंग टॉवर, मजल्यामजल्यावर थंड हवा खेळवणारे एएचयू, सेन्सर आणि हे सगळं सांभाळणारी बीएमएस यंत्रणा एकेक करून आणि नंतर एकत्र चालवून बघतो. जे चुकलं असेल ते किल्ल्या देण्याआधी कंत्राटदाराकडून दुरुस्त करून घेतो.

चुका असतात कशा? एएचयूच्या खोलीत भिंतीवर एक पॅनल असतं आणि त्यावर हँड, ऑफ, ऑटो अशी तीन खुणांची मूठ. पंख्याचा वेग गरजेनुसार कमी-जास्त करणारं व्हीएफडी या पॅनलमागे काम करतं. पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला की त्याला लागणारी वीज जवळजवळ निम्मी होते. व्हीएफडीवर पैसे खर्च करायचे ते यासाठीच. पण उन्हाळ्यात एखाद्या दुपारी ‘गरम होतंय’ अशी तक्रार येते, ऑपरेटर मूठ ‘हँड’वर फिरवतो आणि ती तिथेच राहते. पंखा रात्रंदिवस पूर्ण ५० हर्ट्झवर फिरत राहतो. कुठे सेन्सर दोन अंश चुकीचं तापमान दाखवत असतो, कुठे थंड पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. यातली कोणतीच चूक डोळ्यांना दिसत नाही. एसी चालतो, लोक काम करतात आणि बिल वाढत राहतं.

या तपासणीचा हिशेब सर्वात बारकाईने मांडला तो अमेरिकेच्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेतल्या इव्हान मिल्स यांनी. २००९ च्या त्यांच्या अहवालात ६४३ इमारती होत्या आणि त्यांत दहा हजारांहून अधिक दोष सापडले होते. जुन्या इमारतींत तपासणीचा मध्यक खर्च चौरस फुटाला ३० सेंट आला, ऊर्जेची बचत १६ टक्के झाली आणि पैसे साधारण १.१ वर्षात वसूल झाले. नव्या इमारतींत खर्च चौरस फुटाला १.१६ डॉलर, म्हणजे बांधकाम खर्चाच्या अवघे ०.४ टक्के, बचत १३ टक्के आणि वसुली ४.२ वर्षांत. हे आकडे अमेरिकेतल्या मजुरीचे आणि वीजदरांचे आहेत, ते जसेच्या तसे तेलंगणात लागू होणार नाहीत. तरी बांधकामाच्या तुलनेत हा खर्च किती किरकोळ आहे, हे त्यातून कळतं. यंत्रणा वेळेवर तपासली तर गरजेपेक्षा मोठा चिलर घेणंही टळतं.

असे दोष कळतात ते मोजल्यावरच, आणि मोजमापाची ताकद हैदराबादनेच दाखवली आहे. पोचारममधल्या इन्फोसिसच्या संकुलात २०११ च्या सुमारास एक मोठी इमारत वापरात आली. तिचे दोन भाग मुद्दाम सारखेच ठेवले होते. एका भागात थंड हवा खेळवणारी नेहमीची, पण काटेकोरपणे आखलेली वातानुकूलन यंत्रणा. दुसऱ्यात स्लॅबमध्येच नळ्या टाकून थंड पाणी फिरवलेलं. दोन्हीकडे वेगळे मीटर. पहिल्या दोन वर्षांत पाण्यावरच्या भागाला थंडाव्यासाठी ३४ टक्के कमी वीज लागली आणि ती यंत्रणा बसवायलाही किंचित स्वस्तच पडली. मीटर वेगळे नसते तर हा सगळा प्रयोग मतभेदाचा विषय होऊन राहिला असता. ‘आमची इमारत हिरवी आहे’ एवढं म्हणून भागत नाही, ते असं मोजून दाखवावं लागतं.

जुन्या इमारतींनाही आशा आहे. मुंबईत फोर्टमधल्या १९७२ च्या गोदरेज भवनाची वातानुकूलन यंत्रणा २०१० मध्ये सुधारली. हैदराबादचं अॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज ऑफ इंडिया आणि अमेरिकेतली पर्यावरण संस्था एनआरडीसी यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा गुंतवणूक पाच वर्षांच्या आत परत येईल असा हिशेब निघाला.

मग कमिशनिंग सगळीकडे का होत नाही? खर्च एकाचा आणि फायदा दुसऱ्याचा, हे त्याचं खरं कारण. हैदराबादचे आयटी टॉवर बहुतेकदा विकासक बांधतो आणि भाड्याने देतो. विजेचं बिल भाडेकरू भरतो, सामायिक यंत्रणांचं देखभाल शुल्कातून. कमिशनिंगचे पैसे आणि त्याला लागणारे आठवडे मात्र विकासकाच्या खात्यातून जातात, तेही ताबा देण्याची तारीख डोक्यावर असताना. अशा वेळी चाचण्याच आधी कापल्या जातात. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आली, एकत्रित आंध्र प्रदेशाने ती जानेवारी २०१४ मध्ये स्वीकारली. काच, भिंत, चिलर यांचा किमान दर्जा संहितेने ठरवला, ही मोठीच गोष्ट झाली. पण उत्तम चिलर चुकीच्या सेटिंगवर चालवला, तर त्या दर्जाचा उपयोग काय?

हैदराबादचं हवामान ही आणखी एक अडचण. डिसेंबरात ताबा दिलेल्या इमारतीची मे महिन्यातली ४० अंशांची दुपार कोणी तपासलेलीच नसते आणि जुलैतली दमट हवाही नाही. त्यामुळे पहिल्या वर्षात ऋतुमानानुसार पुन्हा चाचणी करण्याचं कलम करारातच असायला हवं. त्यानंतरही बचत झिजते: माणसं बदलतात, मूठ पुन्हा ‘हँड’वर जाते.

भाडेकरूंनी मनावर घेतलं तर हे चित्र लवकर पालटेल. मोठी कंपनी करारावर सही करण्याआधी पार्किंग आणि लिफ्टची चौकशी करतेच. तिने चिलर प्लांटला एक टन थंडाव्यामागे किती किलोवॉट लागतात हेही विचारावं आणि बारा महिन्यांच्या नोंदी मागाव्यात. पाण्यावर थंड होणारा चांगला प्लांट ०.७ च्या आसपास चालतो, ढिसाळ प्लांट १ च्या पुढे जातो. नोंदीच नसतील, तर त्या इमारतीत कमिशनिंग कितपत झालं असेल हे निराळं विचारायला नको.