नाव झाकून पाहा : संगीत अल्बमचं परीक्षण कसं लिहावं?



पुस्तक परीक्षण हा उपक्रम आपल्या शाळांना नवा नाही. वाचन प्रेरणा दिनाला मुलं पुस्तक वाचतात आणि त्यावर चार ओळी लिहितात. पण मुलं दिवसभरात पुस्तकापेक्षा गाणी कितीतरी जास्त ऐकतात. मराठी ऐकतात, हिंदी ऐकतात आणि मोठी मुलं इंग्रजीही ऐकतात. मग ऐकलेल्या गाण्यांवर त्यांना लिहायला का सांगू नये? त्यासाठी आधी आपल्याला परीक्षण म्हणजे काय हे नीट माहीत हवं. रॉक, पॉप आणि कंट्री या लोकप्रिय प्रकारांतले काही गाजलेले अल्बम उदाहरणादाखल घेऊन ते समजून घेऊ या.

अल्बम म्हणजे काय?

पूर्वी ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण ३ ते ५ मिनिटांचंच गाणं मावायचं. अशा अनेक तबकड्या एका पुस्तकासारख्या जाड बांधणीत घालून विकत. ती बांधणी फोटोंच्या अल्बमसारखी दिसे, म्हणून तिला अल्बम म्हणू लागले. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने एलपी म्हणजे लाँग प्ले तबकडी आणली. तिच्या एका बाजूला २० मिनिटांहून अधिक संगीत बसू लागलं. त्यामुळे कलाकाराला दहा-बारा गाणी एकत्र रचण्याची सोय झाली. कोणतं गाणं आधी, कोणतं नंतर, पहिली बाजू कुठे संपवायची, हा सगळा विचार त्यातून आला.

म्हणून अल्बमचं परीक्षण म्हणजे सुट्या गाण्यांची यादी नव्हे. कवितासंग्रहाकडे जसं आपण पूर्ण पुस्तक म्हणून बघतो, तसंच इथेही बघायचं.

रॉक, पॉप, कंट्री : थोडक्यात ओळख

कंट्री हे अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या ग्रामीण जीवनातून आलेलं संगीत. गिटार, फिडल, बँजो ही त्याची वाद्यं. गाण्यातून गोष्ट सांगणं हा त्याचा प्राण. टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल शहर हे त्याचं मोठं केंद्र.

रॉकची मुळं १९५० च्या दशकातल्या रॉक अँड रोलमध्ये आहेत. कृष्णवर्णीयांचं ब्लूज आणि गोऱ्यांचं कंट्री, दोन्हींचा त्यात वाटा आहे. इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि ड्रम्स यांचा जोर ही त्याची ओळख.

पॉप म्हणजे जास्तीत जास्त लोकांना लगेच भावेल असं संगीत. गाणं आटोपशीर असतं आणि धृपद पटकन ओठांवर बसतं.

ही ओळख का करून घ्यायची? कारण प्रत्येक प्रकाराचं मागणं वेगळं असतं. लावणी ऐकून "यात अभंगाची शांती नाही" असं कोणी म्हटलं तर आपण हसू. तसंच पॉप अल्बमला "यात मोठी गोष्ट नाही" म्हणून नापास करणं बरोबर नाही.

पहिला प्रश्न : या अल्बमला काय करायचंय?

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा 'अ नाइट ॲट द ऑपेरा' हा अल्बम घेऊ. तो नोव्हेंबर १९७५ मध्ये आला. बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा फारुख बलसारा. तो आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तिथेच मित्रांसोबत त्याने 'हेक्टिक्स' नावाचा बँड काढला होता.

या अल्बममध्ये १२ रचना आहेत. सुरुवातीचं गाणं रागाने भरलेलं आहे. लगेच पुढचं जेमतेम एका मिनिटाचं आणि जुन्या नाटकी थाटाचं आहे. पुढे मोटारीवरचं गाणं येतं, लोकगीताच्या वळणाचं येतं, आठ मिनिटांहून मोठंही येतं. शेवटाकडे सुमारे सहा मिनिटांचं 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' आहे आणि समारोपाला इंग्लंडचं राष्ट्रगीत गिटारवर वाजतं. चारही सदस्यांनी गाणी लिहिली आहेत.

"यात एकसारखेपणा नाही" अशी तक्रार कोणी केली तर? इथे एकसारखेपणा ठेवायचाच नव्हता. नाटक कंपनीच्या रात्रीसारखे नाना प्रवेश एकामागून एक दाखवायचे होते. तेव्हा परीक्षकाने विचारायचं ते असं : हे प्रवेश एकमेकांना उठाव देतात का? एखादा प्रवेश रेंगाळतो का?

दुसरा प्रश्न : कानाला नेमकं काय ऐकू येतं?

"संगीत सुमधुर आहे" हे वाक्य कोणत्याही अल्बमला चिकटतं. त्याऐवजी ऐकू आलेली गोष्ट लिहावी. वरच्याच अल्बममधल्या 'गुड कंपनी' या गाण्यात जाझ बँडची वाद्यं वाजल्यासारखी वाटतात, पण ते सगळे आवाज ब्रायन मेने गिटारमधून काढलेत. यात सिंथेसायझर वापरलेला नाही, असं वेष्टनावर मुद्दाम छापलं होतं. असा एक तपशील दहा विशेषणांचं काम करतो.

मायकल जॅक्सनच्या १९८२ च्या 'थ्रिलर'मध्ये फक्त ९ गाणी आहेत. त्यातल्या 'बीट इट'मध्ये एडी व्हॅन हेलन या रॉक गिटारवादकाचा झंझावाती तुकडा येतो. पॉप अल्बमच्या मधोमध रॉक गिटार! ही गोष्ट टिपली की निर्माता क्विन्सी जोन्स आणि जॅक्सन यांना वेगवेगळ्या आवडीचे श्रोते एकाच घरात बोलवायचे होते, हे आपल्याला पुराव्यासह म्हणता येतं.

तिसरा प्रश्न : कोण, कुठे, कोणासमोर गातंय?

कंट्री गायक जॉनी कॅशने 'फोलसम प्रिझन ब्लूज' हे गाणं १९५५ मध्येच ध्वनिमुद्रित केलं होतं. १३ जानेवारी १९६८ रोजी ते त्याने कॅलिफोर्नियाच्या फोलसम तुरुंगात, प्रत्यक्ष कैद्यांसमोर गायलं. गाणं तेच, पण समोरचे श्रोते बदलले आणि गाण्याचा अर्थच जड झाला. 'ॲट फोलसम प्रिझन' या अल्बममध्ये तुरुंगातल्या सूचना, हशा, टाळ्या हे सगळं ठेवलंय. अल्बमचं शेवटचं गाणं ग्लेन शर्ली या तिथल्याच एका कैद्याने लिहिलेलं आहे.

इथे परीक्षकासाठी एक सावधगिरीही आहे. गाण्यातल्या खुनाच्या ओळीनंतर जो जल्लोष ऐकू येतो, तो नंतर संकलनात जोडलेला आहे. पहारेकऱ्यांसमोर कैदी तिथे तसे ओरडले नव्हते. म्हणजे 'थेट मुद्रण' असं लिहिलेलं असलं तरी ऐकलेलं सगळं जसंच्या तसं घडलं असं धरून चालू नये.

तारे, गुण आणि श्रेणी

'रोलिंग स्टोन' हे १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेलं नियतकालिक. ते पुढे ५ पैकी तारे देऊ लागलं. रॉबर्ट क्रिस्टगाऊ या समीक्षकाने १९६९ पासून न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये शाळेसारखी श्रेणी द्यायला सुरुवात केली, 'ए प्लस'पासून 'ई मायनस'पर्यंत! पण श्रेणीसोबत तो छोटा, नेमका परिच्छेदही लिहायचा. लोक तो परिच्छेद वाचायचे, कारण नुसत्या श्रेणीवरून अल्बम कसा आहे ते कळत नाही.

हे आपल्याला वेगळं सांगायला नको. श्रेणीसोबत वर्णनात्मक नोंद का लिहायची असते, हे आपण जाणतोच.

परीक्षण चुकलं तर?

१९६७ मध्ये बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' आला. सगळीकडे कौतुक चाललेलं असताना 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये रिचर्ड गोल्डस्टीन या तरुण समीक्षकाने त्यावर कडक टीका केली. ध्वनींच्या करामतीखाली गाणी दुबळी राहिली आहेत, असा त्याचा मुद्दा होता. मात्र शेवटच्या 'अ डे इन द लाइफ'चं त्याने मनापासून कौतुक केलं. वाचक नाराज झाले. पुढे काळाचा कौल अल्बमच्या बाजूने लागला.

तरीही ते परीक्षण आज वाचण्याजोगं आहे, कारण त्याने कारणं दिली होती. कारण दिलं की समोरच्याला ते तपासता येतं, खोडता येतं. नुसतं "बकवास" म्हटलं तर वाद घालायलाही काही उरत नाही. गोल्डस्टीनशी असहमत होण्यासाठीसुद्धा आपल्याला ती गाणी पुन्हा ऐकावी लागतात. परीक्षणाचं यश मला त्यात वाटतं.

घरी आणि वर्गात असं करून पाहा

१. अल्बम मोठ्यांनी आधी पूर्ण ऐकावा, शब्द तपासावेत. वरचे सगळे अल्बम लहान मुलांसाठी नाहीत, ते आपल्या अभ्यासासाठी आहेत. मुलांसाठी बालगीतांचा किंवा लोकगीतांचा संच घ्या.

२. पहिल्यांदा काही न लिहिता ऐकू द्या. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल द्या.

३. प्रत्येकाने ऐकू आलेली तीन वाद्यं किंवा आवाज लिहावेत. मत अजून नको.

४. "पहिलं गाणं पहिलंच का ठेवलं असेल?" असं विचारा. मुलं भन्नाट उत्तरं देतात.

५. मग मत आणि त्यापुढे "कारण" हा शब्द. "कारण"च्या पुढची जागा रिकामी राहता कामा नये.

६. शेवटी नाव झाकण्याची कसोटी. लिहिलेल्या परीक्षणातलं अल्बमचं नाव हाताने झाका. उरलेलं वाक्य दुसऱ्या कोणत्याही अल्बमला लागू पडतंय? मग ते खोडा आणि पुन्हा ऐका.

पालकहो, मुलगी कानात हेडफोन घालून बसली की "काय ती आरडाओरड!" हे आपलं ठरलेलं परीक्षण असतं. नाव झाकून पाहिलं तर तेही कोणत्याही गाण्याला लागू पडतं. एकदा तिच्याशेजारी बसून तो अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका आणि तिला विचारा, "यातलं तुला सगळ्यात जास्त काय आवडतं आणि का?" नंतर न आवडल्याचं तुमचं कारणही सांगा. दोघांची मतं जुळलीच पाहिजेत असं काही नाही.

आणि शिक्षक मित्रांनो, ही कसोटी आपल्या नोंदवहीलाही लावून बघा. "अभ्यासात प्रगती चांगली, वर्तन समाधानकारक." मुलाचं नाव झाका. ही नोंद पटावरच्या कितीजणांना लागू पडते? मन लावून ऐकलेल्या अल्बमला जर त्याचं स्वतःचं एक वाक्य मिळायला हवं, तर वर्षभर आपल्यासमोर बसलेल्या मुलाला ते मिळायलाच हवं.