कुस्ती वजनकाट्याशी

‘दंगल’ चित्रपट पाहिलेल्यांना गीता आणि बबिता या फोगट बहिणी ठाऊक असतात. त्यांच्या पाठची रितू मात्र फारशी कुणाला आठवत नाही. तीही हरियाणातल्या बलाली गावच्या त्याच घरातली, आणि वडील महावीरसिंग हेच तिचेही वस्ताद. २०१६ मध्ये सिंगापूरला झालेल्या राष्ट्रकुल कुस्ती अजिंक्यपद स्पर्धेत तिने ४८ किलो गटात सुवर्ण जिंकले. पुढच्या वर्षी २३ वर्षांखालील जागतिक स्पर्धेत रौप्य मिळवले. एवढी मजल मारल्यावर २०१९ मध्ये तिने कुस्ती सोडली आणि मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमएकडे वळली. या खेळात ठोसे, लाथा, गळा आवळणे, सांधा पिरगाळणे सगळे चालते. नोव्हेंबर २०१९ मध्ये बीजिंगला झालेली पहिलीच लढत तिने पहिल्या फेरीत जिंकली. डिसेंबर २०२१ मध्ये ती एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत पोचली आणि तिथे थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्सकडून हरली.

ही वाट जपानी मुलींनी आधीच मळवून ठेवली होती. मियू यामामोतो हे त्यातले मोठे नाव. तिचे वडील १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधले मल्ल. मियू १९९१, १९९४ आणि १९९५ अशी तीनदा कुस्तीची जगज्जेती झाली. पण महिला कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली ती २००४ साली, अथेन्सला. तोवर तिचा बहर ओसरला होता. २०१६ मध्ये वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ती एमएमएत उतरली. पहिल्या लढतीत हरली, तरी पुढे कित्येक वर्षे लढत राहिली. बेचाळिशीत आमच्याकडे बाया गुडघेदुखीची चिठ्ठी काढून रांगेत बसलेल्या असतात, म्हणून मला या बाईचे विशेष कौतुक वाटते.

कुस्तीतून एमएमएत गेलेल्यांना काही गोष्टी आयत्या मिळतात. मजबूत मान, पकड, कंबरेतली ताकद आणि समोरच्याचा पट काढून त्याला खाली आणण्याची सवय. पण काही सवयी अंगलट येतात. कुस्तीत पाठ टेकली की चीतपट, खेळ खलास. त्यामुळे मल्ल खाली पडला की आपोआप पालथा होतो. एमएमएत पालथे होणे म्हणजे आपली मान आणि गळा पाठीवर बसलेल्याच्या हाती देणे. कुस्तीत कोपर उलटे मोडू पाहणारा डाव नियमबाह्य आहे, म्हणून हात बाहेर सोडताना भीती वाटत नाही. स्टॅम्पने रितूला हरवले ते नेमके हात धरून, कोपर उलट्या दिशेने ताणून. आपले कोपर दाराच्या बिजागरीसारखे एकाच दिशेने वळते. दुसरीकडे ताणले की आधी अस्थिबंध फाटतात, मग हाड जागचे सरकते. त्या क्षणी हात आपटून हार मानणे हेच शहाणपण, आणि रितूने तेच केले.

डोक्यावरच्या ठोशांचे काय, हा प्रश्न रास्त आहे. मेंदूला वारंवार बसणारे हादरे भरून निघत नाहीत, त्यामुळे मी काही कुणाच्या लेकीला पिंजऱ्यात उतर म्हणून सांगणार नाही. पण याच रानटी वाटणाऱ्या खेळात, रितू ज्या ‘वन चॅम्पियनशिप’मध्ये उतरली तिथे, लढतीआधी एक तपासणी होते. ती आपल्या कुस्तीत असायला हवी होती असे मला मनापासून वाटते. ती तपासणी लघवीची आहे.

त्यामागे एक मृत्यू आहे. डिसेंबर २०१५ मध्ये मनिलात यांग जियान बिंग हा २१ वर्षांचा चिनी खेळाडू वजन उतरवताना कोसळला आणि दगावला. त्यानंतर या संस्थेने अंगातले पाणी काढून वजन गाठण्यावर बंदी आणली. आता खेळाडू काट्यावर चढण्याआधी लघवीचा नमुना देतो. लघवीचे विशिष्ट गुरुत्व १.०२५ पेक्षा जास्त निघाले, म्हणजे लघवी फार घट्ट असली, तर काटा काहीही दाखवो, वजन ग्राह्य धरत नाहीत. कुस्तीत ४८ किलोत खेळणारी रितू इथे सुमारे ५२ किलोच्या गटात लढली. या पद्धतीतही पळवाटा काढणारे आहेतच, पण निदान विचार तरी झाला आहे.

याच घरातली दुसरी मुलगी म्हणजे रितूची चुलत बहीण विनेश. ६ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये तिने एका दिवसात तीन कुस्त्या जिंकल्या. त्यातली पहिली जपानच्या युई सुसाकीविरुद्ध, जी तोवर आंतरराष्ट्रीय कुस्तीत कुणाकडून हरलेली नव्हती. त्याआधी विनेश ५३ किलोत खेळत असे; पॅरिसला ती ५० किलोत उतरली होती. कुस्त्यांच्या मध्ये ताकदीसाठी खाणेपिणे झाले आणि वजन वाढले. मग रात्रभर व्यायाम, घाम काढणे, अन्नपाणी बंद, शेवटी केसही कापले. सकाळी काट्यावर १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती बाद ठरली. देश हळहळला. पण पन्नास किलोच्या बाईच्या अंगातून एका रात्रीत किलोच्या किलो पाणी काढले जाते, हे आपण सगळ्यांनी फारसा प्रश्न न विचारता ऐकून घेतले, याचे मला जास्त वाईट वाटले.

शरीरात त्या वेळी काय होते ते सांगतो. पन्नास किलोच्या स्त्रीच्या अंगात साधारण २६ लिटर पाणी असते. त्यातले तीन लिटर घामावाटे काढले तर जवळपास नववा हिस्सा गेला. रक्तातला पातळ भाग मुळात दोन लिटरच्या आसपास, तोही आटतो. रक्त दाटते, हृदय दर ठोक्याला कमी रक्त फेकते आणि ती कसर भरायला जोरात धडधडते. त्वचेकडे रक्त कमी गेले की घाम थांबू लागतो आणि आतले तापमान चढते. सोडियम-पोटॅशियमचा तोल बिघडला तर हृदयाची लय चुकते. तापलेले स्नायू फुटून त्यातले द्रव्य मूत्रपिंडात साचले तर लघवी चहाच्या रंगाची होते. अशा रुग्णाला वेळेत सलाईन मिळाले नाही तर डायलिसिसपर्यंत पाळी येते. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत सव्वा महिन्यात विशीच्या आसपासचे तीन विद्यार्थी मल्ल असेच दगावले. तिघेही घाम न वाळू देणारे कपडे घालून गरम जागेत व्यायाम करत होते. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीने असले कपडे आणि वाफेच्या खोल्या बंद केल्या. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये नांदेड-लातूरला पारा ४२ च्या पुढे असतो, वेगळी वाफेची खोली लागतच नाही. अंगात दोन स्वेटर घालून, वर प्लास्टिक गुंडाळून पळणारी पोरे मी स्वतः पाहिली आहेत.

मराठवाड्याला कुस्ती नवी नाही. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार मामा १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. त्यांच्या हाताखाली शिकलेला पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ मध्ये ५७ किलोत राष्ट्रकुल सुवर्ण घेऊन आला आणि २०१९ मध्ये वरच्या ६१ किलो गटात जाऊन जागतिक कांस्य जिंकला. वर सरकूनही पदक मिळते, हे मी तालमीतल्या पोरांना मुद्दाम सांगतो. जत्रेतल्या कुस्तीत तर काटाच नसतो. माळेगावची यात्रा असो की लातूरच्या सिद्धेश्वराची, पंच आणि जाणती मंडळी नजरेने जोड लावतात. मॅटवरची कुस्ती आली तसा वजनगट आला, आणि गटाबरोबर खालच्या गटात घुसण्याचा मोह.

आता मुलीही या वाटेवर आहेत. २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. त्यानंतर गावागावांतून चौकशी वाढली, हे चांगलेच आहे. पण मुलीच्या शरीराचा हिशेब मुलापेक्षा वेगळा असतो, आणि तो तालमीत कुणी सांगत नाही.

मागे ओपीडीत एक आई सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. नर्सताईंना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, “पोरगी पाच महिने झाले बाजूला बसली नाही.” आईच्या मनात काय भीती होती ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. तसे काही नव्हते. मुलगी कुस्ती खेळत होती, वजन पन्नासच्या आसपास, आणि तिला ४६ च्या गटात उतरायचे होते. “वस्तादांनी नाही सांगितलं, मीच केलं. वरच्या गटात लई तगड्या पोरी हायेत,” ती म्हणाली. सकाळी चहा, दुपारी एक भाकरी, रात्री काकडी. आणि दोन वेळचा सराव. हिमोग्लोबिन साडेआठ.

तिच्या शरीराने काही बंड केलेले नव्हते, काटकसर केली होती. दिवसभरात खाल्लेल्या कॅलरींतून व्यायामात खर्च झालेल्या वजा करा. उरलेल्यावर हृदय, मेंदू, हाडे, पाळी असा सगळा प्रपंच चालतो. चरबी वगळता चाळीस किलो भरणाऱ्या मुलीला त्यासाठी दिवसाला सुमारे १८०० कॅलरी उरायला हव्यात. ही शिल्लक १२०० च्या खाली राहू लागली की बऱ्याच मुलींत मेंदू बीजांडकोशांना जाणारा संदेश मंद करतो आणि पाळी लांबते किंवा थांबते. सरावात सहाशे कॅलरी जळत असतील तर ताटात चोवीसशे हव्यात. एका भाकरीत साडेतीनशेच्या आसपास असतात. पुढचे गणित वाचकांनी करावे.

पाळी थांबली म्हणजे कटकट गेली, असे काही खेळाडू मुलींना वाटते. पण पाळीबरोबर इस्ट्रोजेन घटते, आणि हाडांत कॅल्शियमची ठेव टाकण्याची वर्षे हीच असतात. अठरापर्यंत हाडांची बहुतेक ठेव भरून होते. तेव्हा राहिलेली तूट पुढे दूध पिऊन पुरती भरून येत नाही. नडगीच्या हाडाला बारीक तडे जाणे, सराव करूनही ताकद न वाढणे, सतत सर्दी-खोकला, चिडचिड ही त्याचीच पिल्ले. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त स्त्रियांना आधीच रक्तक्षय आहे, त्यात ही भर.

त्या मुलीला मी कुस्ती सोडायला सांगितले नाही. लोहाच्या गोळ्या दिल्या, घरचे शेंगदाणे, तीळ, शेवग्याचा पाला, डाळ, अंडी वाढवायला सांगितली, आणि वस्तादांना बोलावून घेतले. भला माणूस निघाला. मुलीला पाळी येते की नाही हे कसे विचारावे, एवढाच त्याचा संकोच होता. तो प्रश्न आईने किंवा शाळेतल्या बाईंनी विचारावा असे ठरले. तीन महिने पाळी चुकली की डॉक्टरांकडे, हा नियम मुलीच्या वहीतच लिहून दिला. सव्वा वर्षाने ती ५३ च्या गटात खेळली.

मेडिकलमधून आणलेल्या लघवीच्या गोळ्यांबद्दलही सांगायला हवे. वजन उतरवायला त्या सर्रास घेतल्या जातात. पोटॅशियम घसरून हृदयाला धोका होतो तो वेगळाच. शिवाय या गोळ्या उत्तेजकविरोधी नियमांत निषिद्ध आहेत. नमुन्यात सापडल्या तर बंदी येते, मग ती गोळी कुणाच्याही सांगण्यावरून घेतलेली असो.

वस्तादांसाठी उपाय सोपा आहे. हंगाम सुरू होण्याआधी, पोटभर खाल्ले-प्यायलेले असताना मुलामुलींचे वजन घ्यावे आणि गट त्यावरून ठरवावा. सकाळच्या सरावाआधी लघवीचा रंग पाहायला शिकवावे: फिकट लिंबासारखा चालेल, मोहरीच्या तेलासारखा झाला की आधी पाणी. विशिष्ट गुरुत्व मोजायला रितूच्या पिंजऱ्यापर्यंत जायची गरज नाही. ग्रामीण रुग्णालयात लघवी तपासायची दहा रकान्यांची पट्टी असते, तिच्यातला एक रकाना त्याचाच असतो. ती उपकरणाइतकी अचूक नाही, पण रंग १.०३० कडे झुकला तर त्या दिवशी काट्यावर चढवू नये इतके नक्की कळते. बाटली तालमीत ठेवायची असेल तर झाकण घट्ट लावावे. पावसाळ्यात ओल लागली की पट्ट्या चुकीचा रंग दाखवतात.